आईचं खुरपं आणि नेपाळची वाट

नेपाळातल्या डोळ्यांच्या शिबिराला चष्मे पोचवायचे ठरले, तेव्हा पत्रक मीच लिहिले. त्यात ‘दान’ हा शब्द येऊ दिला नाही. दान वरून खाली पडते. मी ‘वाटा’ लिहिले. मोतीबिंदू काढल्यावर लागणारे जाड भिंगांचे चष्मे अमरावती-अकोल्याच्या लोकांनी करवून दिले. शिबिराचे डॉक्टर आमच्या अमरावतीचे, ते आधीच पुढे गेले होते.

सीमेपलीकडे शेवटच्या टप्प्यात रस्ताच नव्हता, म्हणून मोटारसायकली. आमची गाडी लष्कराच्या लिलावातली, अकोल्याच्या एका मुसलमान मिस्त्रींची, आणि तेही सोबत निघाले. त्यांनीच मला बाळापूरकडच्या बैलगाडीच्या वाटांवर चालवायला शिकवले होते. चाक गाडीवाटेच्या खोल चाकोरीत गेले की मागच्या सीटवरून पाठीत गुद्दा बसायचा. “चाकोरीत काहून घालतं बे? कडेचं गवत धर.”

निघताना आईने तिचे निंदणीचे खुरपे पुढे केले. मी घेईना. मजुरीचे हत्यार या हातात पुन्हा येणार नाही, असे मी पत्रके वाचून वाचून घरात जाहीर केले होते. आई म्हणाली, “मले मोटारीतलं काई समजत नाई. मातीतलं समजते. ठेव.” शेवटी मी ते पिशवीच्या तळाशी, सदऱ्यात गुंडाळून ठेवले. लाज वाटत होती. त्या लाजेला तत्त्वाचे नाव मी नंतर दिले.

सीमेवर मुंबईचे दोन विद्यार्थी भेटले. चष्म्यांच्या पेट्या वाटून न्यायला तेही आले होते, कोऱ्या गाड्या घेऊन. आमची गाडी पाहून त्यांनी हिला चारा काय घालता, असे विचारले. पेट्रोलच, पण ती मागते तेव्हा, असे मिस्त्रींनी सांगितले. तिथेच डॉक्टरांचा माणूस निरोप घेऊन आला. ऑपरेशन झालेल्यांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सुटल्या होत्या. डोंगरातले पेशंट उद्या सकाळी घरी निघणार होते आणि मग ते पुन्हा कुणाला सापडणार नव्हते. चष्म्याशिवाय त्यांना सगळे धुरकटच दिसणार होते.

आदल्या दिवशी तिकडे वळवाचा पाऊस होऊन गेला होता. माती आमच्यासारखी काळी नव्हती, पण स्वभाव तोच. दोन फर्लांगांत ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसली आणि चाक फिरेना. मुंबईकर चाकोरीतून जोर देत गेले आणि आसापर्यंत रुतले. मिस्त्रींनी आमचे पुढचे मडगार्ड पान्याने काढून पाठीला बांधले. मागचे निघण्यासारखे नव्हते. काडीने माती निघेना, पान्याने निघेना.

मग मी पिशवी उपसली. त्या दोघांच्या देखत खुरपे बाहेर काढले आणि गुडघे टेकून चाक खरवडायला बसलो. आई करते तसे, पाते आडवे धरून, एका ओढीत. हात काही विसरला नव्हता. कुणी हसले नाही. थोड्या वेळाने त्यातला एक जवळ आला आणि म्हणाला, “जरा आम्हालाही द्याल?”

मी दिले, पण खरवडायचे कसे ते आधी शिकवले. मग पुढे आमची गाडी, कडेच्या गवतावरून, आणि मागे त्या दोन कोऱ्या गाड्या. दर थोड्या वेळाने थांबायचे, खरवडायचे, निघायचे. दिवस मावळायच्या आत तिन्ही गाड्या शिबिरात पोचल्या आणि एकही भिंग फुटले नव्हते.

सकाळी चष्मे वाटले. एका म्हातारीने चष्मा लावला, स्वतःची बोटे उलटसुलट करून पाहिली आणि मग माझे कपडे पाहून हसू लागली. मी नखशिखांत चिखलाचा होतो. इतक्या अभिमानाने मी कधी कुणाला हसू दिलेले नाही.

परत आल्यावर या सगळ्याचे पत्रक काढले. छापखान्यातल्या सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की खुरप्याचा मजकूर गाळावा, भारदस्त दिसत नाही. मी म्हटले, मग माझे नावही गाळा. मजकूर राहिला.

आईने पत्रक वाचून घेतले नाही. तिने खुरप्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला, धार गेली म्हणून मला बोलली, ते दगडावर घासले आणि निंदायला गेली. दुपारी मी तिची भाकर घेऊन वावरात पोचलो, तर कपाशीच्या ओळीत बसून ती शेजारणीला खुरपे दाखवत होती.

“हे नेपाळले जाऊन आलं,” ती म्हणाली. “हात लावून पाह्य.”