हौदाचा तो कोपरा

बसप्पा मिस्त्रीला 'गळका मिस्त्री' म्हणणाऱ्यांनो, तो आज सकाळी गेला.

आता तरी खरं ऐका.

मी सांगतेय, नात गावाच्या ग्रुपवर टाइप करतेय. मला अक्षर येत न्हाई. पण इंग्रजीतले तीन शब्द पक्के येतात. बसप्पानं शिकवले. हैदराबादेत इंजिनिअरच्या हाताखाली राबून आलेला गडी.

"फुल म्हणजे काठोकाठ, अक्का. कम्प्लीट म्हणजे करायचं काही उरलं न्हाई. परफेक्ट म्हणजे शोधूनबी खोट न्हाई."

"तू यातला कोणता रे?"

"कम्प्लीट. परफेक्ट असतो तर तुमचे टोमणे ऐकत बसलो असतो का?"

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. टँकरसाठी हौद बांधायचं ठरलं. बांधणारा तो. सिमेंट-वाळूचा माल कालवणारी मी. नवं प्लास्टर कोरडं राहिलं तर कच्चं राहतं, म्हणून त्यावर पाणी मारायचं कामबी माझंच. त्यासाठी रोज दोन घागरी मिळायच्या.

हौद झाला. आठ दिवसांनी टँकर आला. तालुक्याचे साहेब आले, कागदावर कम्प्लीट लिहूनच.

पाइप सुटला. वीतभर पाणी झालं अन् बसप्पा ओरडला, "बंद करा!"

बाया खवळल्या. साहेब तापले. "अरे, काम कम्प्लीट आहे ना?"

"कम्प्लीट हाय साहेब. परफेक्ट हाय का, ते पाणी सांगल. गळला तर सगळा टँकर मातीत जाईल."

ओल लगेच दिसावी म्हणून त्यानं भिंतीला बाहेरून कोरडा चुना चोळला अन् समोर उकिडवा बसला.

सगळं गाव चुन्याकडं बघत होतं.

मी फक्त एका कोपऱ्याकडं.

दोन दिवस तिथं मी पाणी मारलंच नव्हतं. घागर घरी नेली होती. माझी पोर तापानं फणफणली होती.

तिथंच डाग उठला. रुपयाएवढा.

मग भाकरीएवढा.

"कुणाची चूक ही?"

साहेबांनी विचारलं. मी बायांच्या मागं सरकले.

बसप्पानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. "माझी, साहेब. कोपरा कच्चा राहिला."

उरलेलं पाणी टँकरवरूनच घागरीघागरीनं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो कोपरा फोडायला बसला.

"अक्का, या बारीला पाणी मी मारतो," म्हणाला. मग हळूच, "पोरगी बरी हाय ना?"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

गावानं त्याला गळका मिस्त्री नाव ठेवलं. हसणाऱ्यात मीबी होते.

हौद अजून थेंब गाळत न्हाई. अन् ती पोर म्हणजे हे टाइप करणारीची आई.

नात थांबली. लिही गं, थांबू नको.

बसप्पा, कोपरा मी कोरडा ठेवला होता. आज गावाला सांगितलं. कम्प्लीट झालं.

परफेक्ट न्हाई. त्यासाठी तू ऐकायला पाहिजे होतास.

जा बाबा. अक्काचा हात जोडून नमस्कार.