ओठांशी त्याला काय काम?

दुकानं उघडायच्या आत जोसेफ आमच्या दारात येऊन उभा राहिला. "अत्तै, अम्मा उठत नाहीये." मला आत्या म्हणणारा हा शेजारचा मुलगा. त्याची आई, स्टेला, मी लग्न होऊन तंजावूरच्या या गल्लीत आले तेव्हापासूनची माझी मैत्रीण. मी धावत गेले. ती झोपेतच गेली होती... त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही इथले मराठी, ती तमिळ ख्रिस्ती. आमचं बोलणं तमिळमधून चाले. ती शाळेत शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. दोघी लवकर एकट्या पडलेल्या, दोघींना एकेकच मूल. मुलं नोकरीच्या वयाला आली तेव्हा नव्यानव्या कंपन्या निघत होत्या आणि गल्लीतली मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली होती. मद्रासच्या एका कंपनीच्या शेवटच्या फेरीत माझी पद्मा आणि तिचा जोसेफ अशी दोघंच उरली. जागा एकच होती. मी स्टेलाला म्हटलं, "तुझ्या देवाच्याही कानावर घाल पद्माचं."

"आणि माझ्या पोराचं कोण घालणार? तुझी भवानी?" ती हसली. मग तोडही तिनंच काढली. तिनं पद्मासाठी प्रार्थना करायची, मी जोसेफसाठी. मला गंमत वाटली. तिला ती गंमत नव्हती.

काही दिवसांनी नळावर भेटली, चेहरा उतरलेला. "सरोजा, जमत नाहीये गं. ओठ पद्मा पद्मा म्हणतात, आत जोसेफ चालू असतो."

"मग म्हणायचं ओठांनी! तो काय आत डोकावून बघतोय?"

"आतच तर असतो तो. ओठांशी त्याला काय काम?"

मला झोंबलं. "म्हणजे माझ्या मुलीला नोकरी मिळू नये असं वाटतं तुला."

"हो," ती म्हणाली. "तेच सांगितलं आज त्याला. प्रभू, मला हे नको आहे. तरी तिचं नाव घेऊन आले आहे. आता माझं काय करायचं ते तू कर."

मी घागर उचलून घरी आले. अशी शेजारीण कुणाला हवी असते!

निवड पद्माची झाली. गल्लीतलं एकेक माणूस येऊन गेलं. स्टेला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संपलं आमचं, असं मी मनाशी म्हटलं... मग एका संध्याकाळी शाळेतून थेट आली, पद्माच्या वेणीत मोगरा माळला आणि तिला घट्ट जवळ घेतलं. "परवाच येणार होते," मला म्हणाली, "पण रडून झालं नव्हतं. अर्धी तिकडे ठेवून कशी येऊ? आता आले आहे ती सगळी आले आहे." तिचे डोळे सुजलेले होते, आणि त्या दिवशी आमच्या घरात तिच्याइतकं मोकळं दुसरं कुणी हसलं नसेल. पुढे जोसेफनं एसटीडी बूथ टाकला. पद्माचा रविवारचा फोन तिथंच यायचा, आणि मी पोचायच्या आत स्टेलाच तिच्याशी बोलून घ्यायची.

परवा तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीखाली ती प्रार्थनेला टेकायची तो चटईचा तुकडा अजून तसाच आहे, गुडघ्यांच्या जागी विरलेला. "बसा हवं तर, अत्तै," जोसेफ म्हणाला आणि बूथ उघडायला गेला. मला गुडघे टेकता येत नाहीत, मांडी घातली. कुठल्या देवाशी बोलायचं ते ठरवलं नव्हतं. काहीतरी चांगलं म्हणायला गेले, ते जमेना. शेवटी म्हटलं, तिला नेलंस ते मला आवडलेलं नाही. मग जोसेफ आठवला, नुसत्या कॉफीवर बाहेर पडलेला. मी उठले, स्टेलाच्या डब्यातले तांदूळ काढले आणि त्याच्यासाठी भात टाकला.