सहाची पंगत, साडेनवाची पंगत

चमच्यानं काचेच्या ग्लासावर टिंग टिंग करण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो बहारीनमध्ये, उम्म अल हस्सम वस्तीतल्या एका व्हिलाच्या मेसमध्ये. कुणाला पाणी हवं असेल म्हणून मी जग घेऊन गेलो. पुन्हा टिंग टिंग, पुन्हा मी हजर. शेवटी जर्मन डीटर साहेब म्हणाले, "भिका, मला पाणी नको. मला बोलायचंय."

किस्से म्हणजे मोरीतली भांडी. एक घासून पालथं घालावं, तोवर दोन येऊन पडतात. त्या मेसमधले इतके साठलेत की थोडे तरी हातावेगळे करतो.

*

मी तिथला कुक. जेवायला चौघं युरोपातले इंजिनियर, एकाच कंपनीचे. डीटर साहेब आणि हॉलंडचे हेंक यांना जेवण सहाच्या ठोक्याला लागायचं. पोर्तुगालचे अँतोनियो आणि ग्रीसचे कोस्ता साडेनऊला बसायचे. काम सारखं, मेसची वर्गणी सारखी, पगार मात्र ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे. या शेवटच्या दोघांचा कमी.

डीटर म्हणायचे, "दिवसभर राबलेलं पोट सहाला जेवण मागतं."

अँतोनियो म्हणायचे, "सहाला आमच्याकडे आजारी माणसं जेवतात."

*

दुसऱ्या पंगतीला मी पहिलीतलं उरलेलं, कधी आदल्या दिवसाचंही, गरम करून वाढायचो. एकदा अँतोनियोंनी ताटातल्या बटाट्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "भिका, याला मी ओळखतो. आमची काल भेट झालीये."

मी हसलो, पण मला लागलं. आमच्या गावात आमची पंगत वेगळी आणि सगळ्यांच्या शेवटी बसायची. उरलेल्या भाताची चव मला कुणी सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून साडेनऊलाही मी ताजं करायला लागलो.

*

हे चौघं टीव्हीवरच्या बातम्या बघून का भांडतात, ते मी शुक्रवारी जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत देशपांडे साहेबांना विचारलं. ते पुण्याचे, बँकेत होते.

"असं बघ भिकाजी, युरोपातले श्रीमंत भाऊ आणि गरीब भाऊ एकत्र कुटुंब मांडतायत. आता सगळ्यांचा पैसाही एकच करायचा म्हणतात."

"मग स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात?"

देशपांडे साहेब हसले. मग म्हणाले, "तोच तर वाद आहे."

*

एका सुट्टीच्या दुपारी डीटर म्हणाले, "तुमच्या देशातले नवे रस्ते आमच्या पैशातून झालेत."

अँतोनियो म्हणाले, "आणि त्यांवर मोटारी कुणाच्या धावतात? आम्ही बैलगाडीतच बसून राहिलो असतो, तर तुम्ही त्या कुणाला विकल्या असत्या?"

हेंकना हसू फुटलं. डीटरनी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते खोकायला लागले.

पण डीटरना राग आला होता. म्हणाले, "इथंही तेच. रात्रीपर्यंत गॅस जळतो, एसी चालतो, आणि तुमच्या सवयीचा खर्च आम्ही भरायचा. ईदनंतर दोन मेस. आमच्यासाठी हॉटेलातून नवा कुक येईल."

अँतोनियो आणि कोस्ता आपलं आपण रांधणार होते. म्हणजे माझं खलास. व्हिसा त्या नोकरीवर, आणि गावी धाकटी मुलगी नर्सिंगला.  मी बॅग तेवढी माळ्यावरून खाली काढली.

*

त्या वर्षी रमजान थंडीत आला. पहिल्याच संध्याकाळी बांगेच्या जरा आधी शेजारच्या आजी, उम्म खालिद, भली मोठी परात घेऊन दारात. हरीस होतं, गहू आणि मटण एकजीव घोटलेलं, वर तूप. "यल्ला, चला, गरम आहे तोवर," एवढं म्हणून गेल्या.

सहा वाजायचे होते. साडेनऊ तर लांबच. पण वास घरभर गेला आणि चौघं आपोआप परातीभोवती आले.

डीटरनी चमच्यानं रेघा ओढून चार सारखे वाटे केले. हरीस सैल. रेघा बघता बघता बुजल्या.

"डीटर, तुझी सरहद्द गेली," अँतोनियो म्हणाले.

परात जरा कलती होती. तूप सगळं अँतोनियोंच्या बाजूला वाहत गेलं. डीटर त्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे वाहणं आमच्या ओळखीचं आहे."

त्यावर कोस्ता इतके हसले की त्यांना उठून बाहेर जावं लागलं. परात रोज येत राहिली आणि चौघं रोज तिच्याभोवती बसत राहिले.

*

ईद झाली. परात यायची थांबली. नवा कुक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

त्या संध्याकाळी मी जुन्या रिवाजाप्रमाणे सहाची दोन ताटं मांडली, सूप गॅसवर ठेवलं. डीटर साहेब वेळेवर आले. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. दोन्ही ताटं उचलली आणि कपाटात साडेनवाच्या ताटांवर नेऊन ठेवली. मग सुपाखालचा गॅस स्वतःच्या हातानं बंद केला, आणि "साडेनऊला, चौघांचं," म्हणत बागेत निघून गेले. मी बॅग परत माळ्यावर टाकली.