बायनाबाईची मूठ

पेरणीला काय काय लागतं, असं विचारा. पिंगळी गावची माणसं तिफण सांगतील, बैल सांगतील, ओल सांगतील. मूठ कुणी सांगायचं नाही. आणि मूठ चुकली की बाकीचं सगळं घाला चुलीत! तिफणीवर लाकडाचं चाडं असतं, मोठ्या वाटीएवढं. त्याला खाली तीन भोकं, भोकांना बांबूच्या तीन नळ्या, आणि त्या नळ्या जमिनीत शिरणाऱ्या तीन फणांपर्यंत गेलेल्या. पेरणारी बाई मागून चालत मुठीतून चाड्यात दाणे सोडत राहते. किती सोडायचे, हे ना चाडं सांगत ना बैल. शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, वितीत तीन दाणे. पाच पडले तर ताटं एकमेकांची ओल पिऊन माघाआधीच वाळणार, एकच पडला तर वावर टकलं. हा सगळा अंदाज बायनाबाईच्या बोटांत होता. तिच्यासारखी मूठ गावात दुसरी नाही, हे तिची सासू नर्मदाबाईसुद्धा कबूल करायची, आणि ती बया सुनेचं कौतुक करणाऱ्यातली नव्हती हो!

निजामाचं राज्य तेव्हा शेवटच्या वर्षात होतं, पण ते शेवटचं आहे हे कुणाला ठाऊक? बायनाबाईचा नवरा व्यंकटी पोळा झाल्या झाल्या हिंगोलीकडून सरहद्दीपार जायला निघाला. निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या पोरांचा तिकडं कॅम्प होता. 'पेरणीला येतो' म्हणाला. तेवीस दिवस झाले, ना माणूस ना निरोप. तिकडं बंदूक चालली, एवढी बातमी मात्र रेल्वेनं आली. तेव्हापासून स्टेशनात शिट्टी वाजली की बायनाबाईच्या हातातलं काम थांबायचं.

त्यात आणखी एक धास्ती. विधवेनं बियाला हात लावायचा नाही, अशी गावाची रीत. तिला चाड्यावरून बाजूला केलं, म्हणजे घरानं व्यंकटीला मेलेला धरला. नर्मदाबाई आठ दिवस तेच बोलत होती, "ह्या साली चाड्यावर दुसरी बघू. त्याचा पत्त्या न्हाई, उगं अपशकून कशाला?"

आणि पेरणीच्या सकाळी त्याच नर्मदाबाईनं आपल्या हातानं सुनेच्या पदराच्या ओट्यात बी ओतलं. "धर बाई मूठ," ती म्हणाली. "तूच धर."

खरं तर बायनाबाईला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती दचकून सासूच्या तोंडाकडं बघायला लागली. आत्याबाई गोड का बोलायल्यात?

वावरात घालण्याआधी तिफण गाडीवाटेवर दहा पावलं चालवून बघायची असते, फण वर उचलून. मग खाली पडलेले दाणे वितीनं मोजायचे. बायनाबाईनं मोजले. सहा. परत चालवली, तर सात! मधली नळी भसाभसा ओतत होती. चाडं नवं होतं, सुतारानं मधलं भोक अंमळ मोठं पाडलेलं. तिनं चिंधी फाडून भोकाच्या काठाला घट्ट बसवली. तरी पाच. तेव्हा तिला कळलं, भोकाचा दोष थोडाच, मूठ कापायलीय.

"आश्रुबा, बैलांची चाल जरा वाढवा," ती दिराला म्हणाली. चाल वाढली की दाणे विरळ पडतात. पाचाचे चार झाले. तिनं बोटं आवळली, श्वास रोखला आणि चारांचे तीन केले.

आश्रुबा व्यंकटीचा धाकटा भाऊ. तिफण तोच हाकायचा. आदल्या दिवशी स्टेशनावर चौकशी करून आला होता. "कायच कळलं न्हाई, वहिनी," एवढंच बोलून जेवायच्या आधीच झोपला होता.

हा आश्रुबा म्हणजे महाबडबड्या. बैलांशी बोलायचा, कावळ्यांशी बोलायचा, ऐकायला कुणी नसलं तर ढेकळांशी. आज तोंडातून ब्र नाही. एकदाही मान मागं वळवली नाही. सुतळीनं आखावी तशी ओळ काढणारा गडी, तिसऱ्याच फेऱ्याला वाकडा गेला. बायनाबाईनं त्या वाकड्या ओळीकडं बघितलं. ह्याला ठाव हाय. कालच कळलंय ह्याला.

विचारावं? ओठावर आलेलं तिनं गिळलं. विचारलं तर तो सांगेल. सांगितलं की बियावरचा हात काढावा लागेल. तोवर आपण सवाष्ण, तोवर तो जिता. मग कशाला विचारायचं? ती त्याच्या पाठीकडं बघत चालत राहिली. त्या पाठीची तिला एवढी भीती वाटत होती की बांधाशी बैल वळताना ती डोळे मिटून घ्यायची, चुकून त्याचं तोंड दिसू नये म्हणून. घशाला कोरड पडली, पण पाणी मागितलं नाही. पाणी मागितलं तर तिफण थांबेल, थांबली तर आश्रुबा बोलेल.

दुपार टळली. शेवटचे चार फेरे राहिले आणि आश्रुबानंच बैल थांबवले. मटकन खाली बसला, ढेकळांत.

"वहिनी, दादा गेला गं! चार दिस झाले. सरहद्दीच्या ओढ्यात गोळी लागली. आई म्हणली, पेरणी हुईस्तवर बोलू नगं, कळलं तर लोक तिला मूठ धरू देणार न्हाईत."

बायनाबाईनं बांधाकडं बघितलं. नर्मदाबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. पोटचा पोरगा गेलेला, आणि दिवसभर म्हातारीनं हुंदका बाहेर पडू दिला नव्हता.

बायनाबाईला रडू आलं नाही. भीतीच वाटली, नुसती भीती. आता कुणीतरी येईल आणि ओट्यातलं बी काढून घेईल. कुणीच आलं नाही.

"उठा," ती म्हणाली. "चार फेरे राहिलेत. हाका."

ते चार फेरे तिनं कसे पेरले, तिला कधीच सांगता आलं नाही. पाय चालले एवढं खरं. हाताचं काहीच आठवेना. त्यानंतर ती त्या वावराकडं फिरकली नाही. शेवटच्या ओळींत बियाचे गठ्ठे पडले असतील, नाहीतर खंड पडले असतील, आणि सारं गाव बोट दाखवील, या धास्तीनं तिला अन्न गोड लागेना.

व्यंकटीचं दिवसपाणी उरकलं. शेजारच्या कडूबाईची गव्हाची पेरणी आली आणि चाड्यावर बाई मिळेना. नर्मदाबाई म्हणाली, "आमच्या बायनाला ने."

"राग मानू नका," कडूबाई म्हणाली, "पर विधवेची मूठ मला नगं."

नर्मदाबाईनं कडूबाईचं मनगट धरलं आणि तिला तरातरा आपल्या वावरात आणलं. बायनाबाई नको नको म्हणत मागून आली. शाळू वीतभर झाला होता.

"ह्यातले शेवटचे चार फेरे हिनं नवरा गेल्याचं समजल्यावर पेरलेत," नर्मदाबाई म्हणाली. "कोणच्या अंगाला, ते मी सांगणार न्हाई. दाखव शोधून. गावले तर माझी सून जन्मात चाड्याला हात लावणार न्हाई."

अगं म्हातारे, केवढी ही पैज!  बायनाबाई बांधावर डोळे गच्च मिटून उभी राहिली. कडूबाई उगवतीच्या बांधाला गेली, मावळतीच्या बांधाला गेली. खाली बसून वितीनं रोपं मोजली. उठली, पलीकडं जाऊन परत मोजली. बायनाबाईला नुसती तिच्या पायाखालची ढेकळं फुटताना ऐकू येत होती.

बऱ्याच वेळानं कडूबाई कुठलीच ओळ न दाखवता हात झाडत तिच्याजवळ आली.

"सकाळी लवकर येतीस का गं, बायना? माझ्या रानाची वल सुकायलीय."

बायनाबाईनं होय म्हणून मान हलवली. आणि मग व्यंकटी गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा ती तिथंच, बांधावर बसून, धाय मोकलून रडली.