वादळ समुद्रात वळलं

नाशिकमध्ये राहणाऱ्या बाईला अरबी समुद्राशी काय देणंघेणं, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. आमच्याकडे पाण्याची चर्चा म्हणजे धरण किती भरलं आणि नळ किती वाजता येणार, एवढीच. मग नवऱ्याची अंबडची कंपनी बंद पडली. वेल्डिंगला त्याचा हात चांगला, म्हणून तो मालवाहू जहाजावर फिटर म्हणून गेला, आणि माझ्या फोनमध्ये वाऱ्याचा नकाशा आला. हिरवा रंग म्हणजे शांत, लाल आणि जांभळा म्हणजे नको ते. सकाळी गॅस पेटवायच्या आधी मी समुद्र बघून घेते.

हवामानाची बुलेटिनंही वाचते. त्यांचा मला राग येतो. त्यात किनारा असतो, बंदरं असतात, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असं बजावलेलं असतं. जे आधीच समुद्रात आहेत त्यांच्या वाट्याला एकच ओळ येते, समुद्र खवळलेला ते अतिशय खवळलेला राहील. त्यांच्या बायकांनी काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

त्या मे महिन्यात तो घरी येणार होता. जहाज गुजरातच्या बंदराला लागलं होतं, त्याच्या जागी येणारा माणूस तिथल्या हॉटेलात येऊन बसला होता. सह्या झाल्या की हा रात्रीच्या बसने निघून सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उतरणार. सासूबाईंनी सुकट भाजून डब्यात भरून ठेवली होती. त्याच वेळी खाली केरळच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि बघता बघता त्याचं चक्रीवादळ होऊन ते गुजरातकडे निघालं. मला खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. जहाज बंदरात आहे, दोर बांधलेले आहेत, आता कसलं वादळ? मी सासूबाईंनाही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आम्ही बाहेर चाललोय. बंदर रिकामं करायचा हुकूम आहे."

"बाहेर म्हणजे?"

"समुद्रात."

माझं डोकंच फिरलं. "सगळं जग किनाऱ्याला येतंय आणि तुम्ही आत चाललात? तुमच्या जागेवरचा माणूस आलाय ना? मग उतरा की खाली!"

"शिडी वर घेतली गं. तो हॉटेलातच राहिला. आणि ऐक, बांधलेलं जहाज वादळात धक्क्यावर आपटून फुटतं. गोठा पेटल्यावर बैलाचं दावं सोडतात की आवळतात?"

"मला बैल शिकवू नका," मी म्हणाले. पुढेही बरंच बोलले. फोन कट झाल्यावर कळलं की नीट जा, एवढंच म्हणायचं राहिलं.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "म्हंजी कोळी समदे आत येत्यात आन हे भायेर चालले? त्या कप्तानाला अक्कल हाय का नाय?" मी त्यांना बैलाचं सांगितलं. त्या शेतात राबलेल्या, त्यांना ते लगेच पटलं. मला मात्र अजून पटलं नव्हतं.

किनाऱ्याजवळ असेपर्यंत अ‍ॅपवर जहाजाचा छोटा बाण दिसतो. लांब गेलं की फुकटच्या अ‍ॅपवर बाण पुढे सरकत नाही, शेवटची जागा तेवढी राहते. तो बाण पश्चिमेला तोंड करून अडकला. त्याचं व्हॉट्सअ‍ॅपही एका टिकवर थांबलं. मी नकाशा उघडायची, मिटायची, परत उघडायची.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात, उघड्या लॉनवर. वादळ आत घुसलं तर मांडवाचं काय, या काळजीने बिचाऱ्या अर्ध्या झाल्या होत्या. इमारतीत समुद्राचं कळणारी मी एकटी, म्हणून त्या जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय म्हणतंय तुमचं वादळ?" मी सांगायची. माझा माणूस बाहेर गेलाय, हे मी त्यांना बोलले नव्हते. लग्नघरात कशाला आपलं रडगाणं.

दुपारी मी नकाशा उघडला तेव्हा वादळाचा पुढचा रस्ता बदललेला होता. किनाऱ्याकडे येणारी रेघ आता डावीकडे वाकून ओमानकडे चालली होती. अडकलेल्या बाणाच्या अगदी अंगावरून. टीव्हीवर त्याच वेळी लाल पट्टीवर मोठ्या अक्षरांत आलं: मोठा दिलासा! वादळ समुद्रात वळलं! निवेदिका हसून सांगत होती. सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले आणि बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. त्यांना काय सांगावं ते मला कळेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण कांदा चिरायला बसले.

तेवढ्यात ताई पेढ्यांचा बॉक्स घेऊन धावत खाली आल्या. "वळलं हो! वाचलो बाई! तोंड उघडा!"

"वळलं म्हणजे कुठे वळलं, ते विचारा ना," मी ओरडले. "तिकडेच आहे माझा नवरा. त्याच्यावरच वळलंय ते!"

ताईंचा पेढा हातातच राहिला. आणि दारात सासूबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्याकडं गेलं व्हय?" त्या भिंतीला धरून खाली बसल्या. ताई पण त्यांच्याजवळ बसल्या, वर हळदीची तयारी तशीच टाकून. त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. निवेदिका मात्र दिलासा, दिलासा करत राहिली. शेवटी मी टीव्ही बंद केला.

फोन आला तो हळदीच्या दिवशी. ताईंनी ओढून नेलं म्हणून आम्ही दोघी गच्चीवर गेलो होतो. मी गाण्यांच्या आवाजातून पळत जिन्यात आले. सासूबाई मागोमाग आल्या.

"मी ठीक आहे," तो म्हणाला. आवाज पार बसलेला. "नेट आत्ता आलं. मेसमध्ये बसून बोलतोय. आईला सांग."

मी सांगितलं. सासूबाई पायरीवर बसून तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मीही रडत होते, हसत होते, काय करत होते मला ठाऊक नाही.

मग तो म्हणाला, "आमचा एक जण गेला. डेकवरचा. दोर सुटला होता, तो आवळायला गेला. लाट आली."

"तुम्ही नव्हता ना तिथे?"

"मी खाली इंजिनात होतो."

"बरं झालं," मी म्हणाले. "बरं झालं बाई."

मला त्याच्या मागे फोन वाजताना ऐकू आला. वाजून थांबला, परत वाजला.

"कोणाचा तरी फोन वाजतोय तिकडे," मी म्हणाले. "उचलत का नाही कोणी?"

"त्याचाच आहे. चार्जिंगला लावून गेला होता. नेट आल्यापासून वाजतोय."

"मग उचला ना!"

"कप्तानाने सांगितलंय, घरी कंपनी कळवेल. आपण उचलायचा नाही." मग म्हणाला, "त्याची बायको आहे."

मी फोन ठेवला नाही. मागे तो वाजतच होता.