खांबाचं रेकॉर्डिंग

ऑर्केस्ट्रात त्याला सगळे खांब म्हणत. गाणं कितीही उडतं असो, हा पठ्ठ्या ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला एकदा उभा राहिला की कार्यक्रम संपेपर्यंत जागचा हलत नसे. बोटं तेवढी गिटारवर पळत. लोक नाचणाऱ्यांकडे बघत, गाणारीकडे बघत. खांबाकडे कोण कशाला बघेल? पंचवीस वर्षं वाजवलं, पण त्यातला एक सूर कुठे धड टिपून ठेवलेला नाही. लग्नांच्या व्हिडिओंत तो सापडतो, पण अर्धा खांदा आणि गिटारचा दांडा एवढाच, आणि आवाज म्हणाल तर सगळा गोंगाट.

पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. पोटापाण्याचं काम आधीपासूनच फर्निचरच्या कारखान्यात होतं, गोल करवतीवर. ते तेवढं राहिलं. गिटार कपाटावर गेली आणि तिच्यावर जुन्या उशा आल्या.

अशात ऑर्केस्ट्रातल्या गायिकेचा फोन आला. ती स्वतःची चार गाणी रेकॉर्ड करत होती. "खांबदादा, एका गाण्यात तुमची गिटार हवी. घरीच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाठवा. हल्ली सगळे तसंच करतात."

तो हो म्हणून बसला. आयुष्यात एकदा तरी आपलं वाजवणं कुठेतरी राहील, एवढाच विचार त्याच्या मनात होता. बायकोला मात्र त्याने सांगितलं, "बाई मागेच लागली, नाही म्हणवेना."

मागच्या खोलीत मुलाने नोकरीच्या गावी जाताना सोडलेला लॅपटॉप होता. पहिल्या दिवशी खांबाने गिटारची वायर सरळ त्याच्या माइकच्या भोकात खुपसली. आवाज असा आला, जशी काही डब्यात गांधीलमाशी कोंडलीय. दुकानदाराने एक छोटी पेटी दिली. गिटार पेटीत आणि पेटी लॅपटॉपमध्ये, असं करायचं म्हणाला. गांधीलमाशी गेली, पण मागून एक सारखी घरघर ऐकू यायला लागली. ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, शेवटी फ्रीजसुद्धा बंद केला आणि पुन्हा लावायला विसरला. घरघर काही जाईना. लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा गेली. दूध मात्र नासलं ते नासलंच, आणि त्यावरून बायकोने दोन दिवस ऐकवलं. मग जोरात वाजवलं की पेटीवरचा लाल दिवा लागून आवाज फाटायचा. पेटीचं बटण खाली आणल्यावर तेही थांबलं. इथपर्यंत खांबाचं काहीच चुकलं नव्हतं, हे सांगून ठेवलेलं बरं.

चुकलं ते पुढे. आता आवाज स्वच्छ होता, पण मंद होता. रजईखाली बसून कुणी वाजवावं तसा. त्याने नव्या तारा चढवल्या. रजई तशीच. दुसरी वायर आणली, हेडफोन बदलले. मग कॉम्प्युटरवरची ट्रेबलची, म्हणजे बारीक टोकदार आवाजाची पट्टी वर सरकवली, अजून थोडी सरकवली, आणि जरा कुठे उजाडल्यासारखं वाटल्यावर पाठवून दिलं.

"दादा, वाजवलंय छान," गायिका म्हणाली, "पण कानाला टोचतंय. जरा मऊ करा ना."

तिचा स्पीकर स्वस्तातला असणार, असं त्याने ठरवून टाकलं. तरी पट्टी खाली आणून बघितली, पण ऐकवेना. पुन्हा वाजवलं, आणि पट्टी होती त्याच्याही वर गेली. यावर गायिकेचा फोन आला तेव्हा तिचा सूर बदललेला होता. "दादा, मागच्यापेक्षा जास्त टोचतंय हो. मिक्सिंग करणारे म्हणतात, रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर त्यांच्या ओळखीतला एकजण वाजवेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटायचं ते वाटलंच. दिवसभर फळ्या करवतीखाली रेटून खांदे भरून यायचे, घरी आलं की जेवणसुद्धा नकोसं व्हायचं, आणि तरी रोज गिटार घेऊन बसायचं. कशासाठी, तर टोचतंय हे ऐकायला. शनिवारी तर त्याला वाटलं, द्यावं सोडून. वाजवू दे कुणाला वाजवायचं त्याला.

रविवारी दुपारी बायको ड्यूटीवरून आली. ती दवाखान्यात फोनवर बसते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून कान किटलेले असतात, घरी आल्यावर तिला भांड्याचाही आवाज सहन होत नाही. ती चप्पल काढते न काढते तोच मागच्या खोलीतून गिटार सुरू झाली. ती कानांवर हात ठेवूनच दारात उभी राहिली.

"अहो, बंद करा ते. सुया टोचताहेत."

"तूही तेच म्हण," तो म्हणाला. "अगं, हे रजईतून आल्यासारखं येतंय. पेटीच बदलावी लागणार."

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणणारच होती, निम्मं म्हणालीसुद्धा. मग थांबली. रोज शेकडो माणसांशी बोलणारी बाई. समोरच्याला कमी ऐकू येतं की तो ऐकत नाही, यातला फरक तिला फोनवर लगेच कळायचा. घरात कधी तिने तो लावून बघितला नव्हता. तिने कपाटातून ताप मोजायचं, बटण दाबलं की बारीक पीं करणारं थर्मामीटर आणलं, त्याच्या उजव्या कानाशी धरून बटण दाबलं.

"वाजलं?"

"दाब ना मग."

तिने पुन्हा दाबलं. मग डाव्या कानाशी नेलं. "आता?"

"काहीतरी झालं बहुतेक. लांब कुठेतरी."

ती पलंगावर बसली. "कपडे धुवायचं मशीन ओरडत असतं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. दोन वर्षं मी तुमच्याशी भांडतेय त्यावरून."

"मला वाटायचं, त्याची शिट्टी बिघडलीय."

तिला हसू आलं आणि लगेच रडूही. ड्रमवाल्याच्या झांजा पंचवीस वर्षं उजव्या कानाला चिकटून वाजल्या होत्या, उरलेल्या वेळात करवत होती. आणि हा तारा बदलत बसला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याला भीती वाटली. म्हातारपणाची नव्हे; गेले किती दिवस आपण जे सुंदर म्हणून वाजवतोय ते लोकांना कसं ऐकू येत असेल, याची.

"फोन करतो तिला. दुसऱ्याला द्या म्हणून सांगतो."

"हात चांगले आहेत ना?" ती म्हणाली. "मग वाजवा. ऐकायचं मी बघते."

ती लॅपटॉपच्या स्पीकरशी येऊन बसली आणि तिने माउस स्वतःकडे ओढला. तो वाजवत गेला आणि ती पट्टी खाली आणत गेली. अजून खाली. अजून. त्याच्यासाठी गिटार आधी दाराआड गेली, मग भिंतीआड. एकदा न राहवून त्याने माउसकडे हात नेला, तर तिने तो अलगद बाजूला केला. "तिथेच राहू दे. आता तुम्ही वाजवताय असं वाटतंय." आपण काय वाजवतोय हे त्याला बोटांवरूनच कळत होतं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पूर्ण झालं, आणि पाठवायचं बटणही तिनेच दाबलं.

आठवड्याने पुरं झालेलं गाणं आलं आणि मागोमाग गायिकेचा फोन. "खांबदादा, काय सुरेख आलीय हो. शेवटी तुमचं बोट तारेवरून सरकतं ना, त्याचा बारीकसा आवाज आलाय. मिक्सिंगवाले काढू म्हणत होते, मी काढू दिला नाही. मला तर सगळ्या गाण्यात तीच जागा आवडते."

"बरं बरं," तो म्हणाला. फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, "सरकल्याचा आवाज येतो?"

"येतो की."

"कुठे?"

"लावा. आला की सांगते."

गाणं संपत आलं तेव्हा तिने बोट वर केलं. त्याला त्या जागी काहीच ऐकू आलं नाही. त्याने शेवट पुन्हा लावला, आणि या वेळी स्पीकरकडे पाठ करून तिच्या बोटाकडे बघत बसला.