गिऱ्हाईक बसलं की बोलतं

किराणा दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, पिशवी भरली की निघून जातं. चपलांच्या दुकानात बसतं, पण त्याचं सगळं लक्ष पायाकडं. आमचा धंदा पडला फर्निचरचा. इथं आम्हीच म्हणतो, "बसून बघा ना!" आणि माणूस खुर्चीत नीट टेकला, पाठ सैल सोडली, की बोलायलाच लागतो. खुर्ची राहते बाजूला, घरातलं सगळं बाहेर येतं! इतक्या वर्षांत असे किती किस्से साठले असतील? बरं आहे, त्यांना गोडाऊन लागत नाही.

दुकान लातूरला. मी दिगंबर, शिरूर अनंतपाळकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. भागीदार यूसुफभाई, त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लातुरातलं, लाकडाच्या कामातलं. लाकूड त्यांनी बघायचं आणि माणसं मी, असं आमचं ठरलेलं. प्रत्यक्षात आम्ही दोघंही माणसंच बघत बसायचो.

* * *

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचे दिवस. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली होती. लातूर शहर उभं होतं, पण घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. दुकान आम्ही आपलं सवयीनं उघडायचो. अशात एक गुरुजी आले, बायको आणि दोन पोरांना घेऊन.

"डायनिंग टेबल दाखवा."

आम्ही चाट! या दिवसांत डायनिंग टेबल?

गुरुजींनी टेबलावरून हात फिरवला नाही, पॉलिश विचारलं नाही. चपला काढल्या आणि सरळ टेबलाखाली शिरले. मागोमाग दोन्ही पोरं. शेवटी पदर सावरत बाई.

"पाय आखडून घे जरा," आतून गुरुजींचा आवाज. "हां, मावतोय."

यूसुफभाई हसत खाली वाकले. "गुरुजी, जरा वरनं बी बघा की! जेवायचंय त्याच्यावर."

"जेवण काय, भुईवर बसून होतंय," गुरुजी म्हणाले. "वरनं पडलं तर हे किती पेलंल, तेवढं सांगा."

यूसुफभाईंचं हसू गेलं. ते टेबल त्यांनी दिलंच नाही. जाड पायांचं, खाली आडव्या पट्ट्या ठोकलेलं दुसरं बनवलं. गुरुजी न्यायला आले तेव्हा चाळिशीतले यूसुफभाई टेबलावर चढले आणि त्यांनी गुरुजींसमोर धाडधाड उड्या मारून दाखवल्या!

* * *

अंगणात ठेवायच्या खुर्च्या आमच्याकडं आधी कोण घेत नव्हतं. बाहेर बसायचं तर बाज होती, ओटा होता. भूकंपानंतर लोक महिनोन्‌महिने अंगणातच राहिले आणि नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेल्या लोखंडी खुर्च्यांना एकदम मागणी आली.

एक वकीलसाहेब येऊन खुर्च्या घेऊन गेले. पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याचं मेडिकल होतं. "दादांनी घेतल्या त्याच्यापेक्षा वेगळ्या दाखवा," म्हणाला. दोघांची घरं शेजारीशेजारी, मधे कंपाउंडची भिंत. आईच्या आजारपणात कोण किती धावलं, यावरून बोलणं तुटलेलं. भूकंपात ती भिंत पडली. आता दोन्ही घरं एकाच अंगणात, हिरव्या खुर्च्या इकडं, निळ्या तिकडं!

बऱ्याच दिवसांनी दोघं भाऊ एकाच स्कूटरवर आले. वकीलसाहेब म्हणाले, "एक लांब बाक पाहिजे. चांगला मजबूत. बाहेरच राहील, ऊनपाऊस सोसला पाहिजे."

"कुठं ठेवणार?" मी मापासाठी विचारलं.

वकीलसाहेब भावाकडं बघायला लागले. धाकटा म्हणाला, "भिंत होती तिथं."

* * *

लाकडाची निगा कशी ठेवायची, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण सांगणं आपल्या हातात, ऐकणं नाही!

नांदेडला रेल्वेतले एक साहेब होते. त्यांच्या बागेत ठेवायला आम्ही सागवानी बाक दिला होता. काही महिन्यांनी बाईंचा फोन. "अहो, तुमच्या बाकाला मुंग्या लागल्यात!"

"तेल लावलं होतं का?"

"लावलं की! तुम्हीच सांगितलं होतं वर्षातून एकदा लावा म्हणून."

"कुठलं लावलं?"

"करडीचं. दिवाळीच्या चकल्या तळून उरलं होतं. फेकायचं जिवावर आलं."

दोघंही नांदेडला गेलो. फाटकातून आत शिरलो तर खरंच चकलीचा खमंग वास! यूसुफभाईंनी डोक्याला हात लावला. बाक साबणानं धुतला, उन्हात वाळवला, पॉलिश पेपर मारायला घेतला. आता यावर जवसाचं तेल दिलं की झालं.

बाई चहा करायला आत गेल्या, तसे साहेब हळूच जवळ आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "मागच्या बाजूला अजून वास आहे, तेवढी राहू द्या."

"कशाला साहेब?"

"डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय हो. संध्याकाळी इथं येऊन बसलं की जरा बरं वाटतं!"

* * *

जळकोटकडचं एक कुटुंब. सासरे, सासूबाई, मुलगा आणि नवी सून. सुनेला गोल टेबल आवडलं. सासरे म्हणाले, "गोल न्हाई चालायचं. गोलावर घरचा कर्ता कुठं बसणार? चौकोनी घ्या. टोकाला मी बसतो."

सून म्हणाली, "पण बाबा, गोलावर सगळ्यांची तोंडं दिसतात."

"तोंडं बघत जेवायचं असतंय का?"

मुलगा गप्प. मीही गप्प, अशा वेळी दुकानदारानं बोलू नये. यूसुफभाईंनी लंबगोलाकार दाखवून बघितलं, तेही दोघांना पटेना.

सासूबाई इतका वेळ एका स्टुलावर बसून होत्या. सासऱ्यांनीच विचारलं, "तू सांग की गं. गोल का चौकोनी?"

"मला काय विचारायलाव?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "वाढणारी उभीच असती. तिला गोल काय आन् चौकोनी काय!"

सासरे बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिले.

"गोलच द्या," म्हणाले. "आन् भांडी मधे ठेवता येतील, असं मोठं द्या."

* * *

मग मेडिकल-इंजिनिअरिंगच्या क्लासेसचे दिवस आले. लातुरात घराघरावर खोल्या चढल्या, गल्लीगल्लीत मेस झाल्या, आणि मोठ्या टेबलांऐवजी छोट्या टेबलांची विचारणा सुरू झाली. पोरांबरोबर आयाही यायच्या, एका खोलीत दोन वर्षं काढायच्या.

नांदेडच्या एक बाई अशाच मुलीला घेऊन आल्या. दोन खुर्च्यांचं, भिंतीला लावता येईल असं टेबल त्यांना हवं होतं. जेवण त्यावरच, अभ्यासही त्यावरच.

मी म्हटलं, "मिस्टर येतील ना रविवारी? तिसरी खुर्ची घेऊन ठेवा."

"ठेवू कुठं? दार उघडायचं नाही!" त्या हसल्या. "ते बसतील पलंगावर."

दोन वर्षांनी मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन तिघंही दुकानात आले. मला वाटलं, आता हे टेबल परत घ्या म्हणतील. बरेच जण म्हणतात.

बाई खुर्चीत टेकल्या. म्हणाल्या, "नांदेडला घरी आमचं केवढं मोठं डायनिंग आहे. मागच्या आठवड्यात तिघं त्यावर जेवायला बसलो. हे त्या टोकाला, ही मधे, मी इकडं. मीठ मागायला हाक मारावी लागली!"

त्यांचे मिस्टर साधे, अबोल गृहस्थ. ते मुलीकडं बघून म्हणाले, "पलंगावर बसून जेवायचो तेव्हा हिचा गुडघा लागायचा. मी म्हणायचो, सरक जरा. आता ही हॉस्टेलला चाललीय."

मुलगी खाली बघायला लागली. बाई डोळे पुसत माझ्याकडं वळल्या.

"ते छोटं टेबल आम्ही नांदेडला नेतोय. तेवढी तिसरी खुर्ची द्या."

* * *

आता हा शेवटचा किस्सा. हा सांगताना यूसुफभाई अजून मधेच थांबतात, म्हणून मीच सांगतो.

लातुरात एक फिजिक्सचे सर आहेत, मोठे क्लासेस आहेत त्यांचे. मूळ किल्लारीच्या बाजूचे. भूकंप झाला तेव्हा ते शाळेत शिकत होते. घर बसलं, वडील आणि दोन्ही बहिणी गेल्या. आई आणि हे तेवढे राहिले. सरांनी पुढं शिकून नाव काढलं, मोठा बंगला बांधला. पण आई काही स्लॅबखाली येईना! झोपायला अंगणातली पत्र्याची खोली, जेवायलाही अंगणच. सून आली, नातवंडं झाली, पण तिनं बंगल्याचा उंबरा ओलांडला नाही.

सर दुकानात येऊन बसले. म्हणाले, "आम्ही आत जेवतो, ती बाहेर एकटी जेवते. मला घास जात नाही. अंगणात कायमचं राहील असं डायनिंग टेबल करून द्या. आता आम्हीच सगळे बाहेर जेवणार."

यूसुफभाईंनी जीव ओतला त्यात. जुनं, मुरलेलं सागवान घेतलं. पाणी साचू नये म्हणून दोन फळ्यांच्या मधे फट सोडली. तेलाचे हात दिले. पाऊस पडो, ऊन पडो, त्या टेबलाला काहीही होणार नव्हतं.

पोचवायला आम्ही दोघं स्वतः गेलो. सरांनी जेवायलाच ठेवून घेतलं. आई टेबलापाशी बसल्या, हात फिरवून म्हणाल्या, "लई चांगलं केलाव बाबा." ताटं मांडली, वरण वाढलं, आणि अवकाळी पाऊस आला! वारा, टपोरे थेंब. नातवंडं ओरडत आत पळाली, सूनबाईंनी ताटं उचलली. आम्हीही पोर्चमध्ये आलो.

आई उठल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन तिथंच बसून राहिल्या.

सर छत्री घेऊन धावले. "आई, चल आत."

"तू जा. मला सवय हाय."

सर गेले नाहीत. छत्री आईवर धरून स्वतः भिजत उभे राहिले. टेबलावरून पाणी वाहायला लागलं. आई त्या पाण्याकडं बघत राहिल्या, मग एकदम उठल्या.

"अरं, भिजायलंय की हे! एवढं चांगलं लाकूड. बघता काय? धरा, आत घ्या!"

यूसुफभाईंनी तोंड उघडलं, "अम्मा, त्याला पाण्यानं काय होत न..."

मी त्यांच्या पायावर जोरात पाय दिला. यूसुफभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. आणि गुपचूप पुढं जाऊन टेबलाला हात घातला.

एक कोपरा सरांनी धरला, एक यूसुफभाईंनी, एक मी. चौथ्याला सूनबाई येत होत्या, पण तो आधीच आईंनी धरला होता. पायऱ्या चढलो. दारातून सरळ जाईना.

"आडवं करा, आडवं!" आई ओरडत होत्या. "कड घासंल!"

आडवं केलं. उंबरा ओलांडला. हॉलमध्ये मधोमध टेबल टेकवलं. सर भिंतीला धरून उभे राहिले. सूनबाईंनी नातवंडांना डोळ्यांनीच गप्प केलं.

आईंनी पदरानं सगळं टेबल पुसलं, फटीतलं पाणीसुद्धा. मग एकदाच मान वर करून स्लॅबकडं बघितलं.

"आन् खुर्च्या?" त्या म्हणाल्या. "त्या कुणी आणायच्या?"